तक्ता तीन

"हा माणूस माझा जीव घेणार," असं म्हणत आर्वो लेह्टिनेन यांनी छापलेला कागद कॉफीच्या कपाखाली दाबला.

ब्रिजिट थिबोने तो वाचायला मागितला नाही. नियतकालिकाच्या संपादकांचं पत्र तिलाही सकाळीच आलं होतं. पहिल्या परीक्षकाला त्यांचा लेख पसंत होता. दुसऱ्याला मागच्या खेपेला नव्हता, याही खेपेला नव्हता.

"ऐक तर खरं. 'तक्ता तीनमधली मोजणी दुसऱ्या व्यक्तीकडून नव्याने करून घ्यावी. ते जमणार नसेल, तर हा संशोधनलेख न ठेवता दोन पानांचं टिपण करावं.' टिपण! अकरा वर्षं मी या सरोवरातले मासे चिरतोय, आणि हा म्हणतो टिपण! आता फक्त आढावा लेख लिही म्हणायचं राहिलंय. म्हणजे दहा जणांच्या ताटातलं उचलायचं आणि आपल्या ताटात वाढून घ्यायचं!"

"कॉफी थंड होतेय, आर्वो."

"होऊ दे."

आर्वो एकाहत्तर वर्षांचे होते. निवृत्ती दोनदा पुढे ढकलून झाली होती. तिकडे त्यांच्या बायकोने, हेल्मीने, डुलुथ गावातलं घर विकायला काढलं होतं आणि लेकीच्या गावी जायला बॅगा भरल्या होत्या. पण हा लेख छापून आल्याशिवाय प्रयोगशाळेची किल्ली परत करणार नाही, असं म्हातारा हट्टाला पेटला होता. ब्रिजिटची गत त्याहून वाईट होती. तिचं हे सहावं वर्ष. जूनपर्यंत लेख स्वीकारला गेला नाही तर पदवी नाही, आणि सातव्या वर्षी विभाग कुणालाच ठेवून घेत नसे. या खोलीतून बाहेर पडायला एकच दार होतं आणि त्या दारात हा लेख आडवा पडला होता.

लेख ट्राउट माशांच्या वयाबद्दल होता. माशाच्या कानात चण्याच्या डाळीएवढं हाड असतं. ते कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात. एक वर्तुळ म्हणजे एक वर्ष. आर्वोंनी चारशे हाडं स्वतः मोजली होती. त्या खुर्चीत दुसऱ्या कुणी बसलेलं त्यांना खपत नसे. मासे पंचविशीच्या आतच मरतात, झपाट्याने वाढतात, तेव्हा जाळी दुप्पट टाकली तरी चालेल, असं लेख सांगत होता. मत्स्यखातं त्याचीच वाट पाहत होतं.

दोघं उत्तर लिहायला बसले. आर्वोंनी वेलदोड्याच्या पावाचा मोठा तुकडा तिच्यापुढे सरकवला. रागावले की ते खाऊ घालत.

"पहिल्या वर्षी तुला काय शिकवलं होतं मी?"

"प्रस्तावनेत वाचकाचा हात धरायचा. पद्धतीत कबुलीजबाब द्यायचा. निरीक्षणांत तोंड मिटून आकडे मांडायचे. आणि चर्चेत जरा मिशीला पीळ द्यायचा."

"शाबास. मग यात चुकलं काय आपलं?"

ब्रिजिटने पावाचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "पद्धतीत एक वाक्य वाढवूया का? शंभर हाडं मीही मोजली, असं. म्हणजे मोजेन मी. चार दिवसांचं काम आहे."

"पोरी," आर्वो शांतपणे म्हणाले, "वेंडेलही असंच गोड बोलत आला होता."

वेंडेल म्हणजे तिच्या आधीचा विद्यार्थी. भर बैठकीत त्याने सरांना डोळे तपासून घ्या म्हटलं होतं. महिन्याभरात त्याचं टेबल रिकामं झालं. ब्रिजिटला आज तेच टेबल होतं.

"हा दुसरा परीक्षक म्हणजे तोच," आर्वो म्हणाले. "नाव लपवलं म्हणून काय झालं? वास येतो मला."

"असेलही."

"संपादकांना अक्कल असती, तर तू सुचवलेल्या त्या नॉर्वेच्या ओस्टबींना लेख दिला असता. सज्जन माणूस म्हणत होतीस ना?"

लेख पाठवताना लेखकांनीच दोन-तीन जाणकार परीक्षकांची नावं आणि ईमेल पत्ते सुचवायची पद्धत असते. असले फॉर्म भरणं अर्थातच विद्यार्थ्यांच्या कपाळी.

"त्यांना वेळ नसेल," ब्रिजिट म्हणाली.

"बरं, लिही. 'मोजणी अनुभवी व्यक्तीने केली आहे. फेरमोजणीची आवश्यकता वाटत नाही.' बस्स. एक अक्षर जास्त नको."

"आर्वो, एकदाच मोजू द्या ना मला. माझी पदवी आहे यात."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. आवाज मऊ झाला. "तुझी काळजी मला नाही का? हा लेख छापून आणल्याशिवाय मी मरणारसुद्धा नाही. पण माझे डोळे गेले, असं माझ्याच प्रयोगशाळेत लिहून देऊ? ते नाही होणार."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. या माणसाने तिला बर्फात होडी कशी हाकायची ते शिकवलं होतं, तिचे वडील गेले तेव्हा सहा तास गाडी चालवून तिला घरी पोचवलं होतं. त्यांनी सांगितलं तेवढंच तिने लिहिलं आणि लेख पाठवून दिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती घरी जेवत होती. सूप बाजूला सारून तिने लॅपटॉप पुढे ओढला. परीक्षकांच्या फॉर्ममध्ये तिनेच भरलेल्या ईमेल पत्त्यावर संपादकांचं पत्र आलं होतं.

"आदरणीय डॉ. ओस्टबी, लेह्टिनेन आणि थिबो यांचा सुधारित लेख तिसऱ्यांदा आपल्याकडे पाठवत आहोत. आपल्या बारीक नजरेबद्दल आम्ही ऋणी आहोत."

ब्रिजिटने डोळे पुसले आणि उत्तर लिहायला घेतलं: "तक्ता तीन. हाडाच्या छायाचित्रावरून सातवा मासा बावीस नव्हे, एकेचाळीस वर्षांचा आहे. मोजणी कृपया दुसऱ्या कुणाला तरी करू द्यावी."