शेवटचा गडी

यंदा दोराचा बेकरीवाल्याच्या कमरेभोवती एक वेढा जास्त बसला. मैदानावरच्या सगळ्यांनी तो पाहिला आणि एकच हशा पिकला.

रस्सीखेचीत सगळ्यात मागे, दोर अंगाला गुंडाळून जो उभा राहतो तो शेवटचा गडी. बाजारपेठेच्या संघात हा मान कैक वर्षं बेकरीवाल्याचा होता. त्याला सगळे डोंगरच म्हणत. तो टाचा रोवून नुसता मागे रेलला, की समोरचे घसरत यायचे. पण वर्षभरात डोंगराची टेकडी झाली होती. पाव पोचवायला तो व्हॅन सोडून पायी जायला लागला होता, तेही चढावरच्या घरांपर्यंत. भट्टीतून निघालेला पहिला पाव लोण्याच्या गोळ्यासकट त्याच्या पोटात जायचा, तिथे आता सफरचंद आलं होतं. ताटात भाजी वाढली होती आणि केक फक्त गिऱ्हाइकांपुरता उरला होता. "जुना कोट अंगात शिरला पाहिजे," एवढंच त्याने बायकोला सांगितलं होतं. तिलाही ते आवडलं होतं.

"ताई, तू माझा संघ बुडवलास!" कप्तान दोर धरल्याधरल्या ओरडला. तो बेकरीवाल्याच्या बायकोचाच धाकटा भाऊ, रंगाच्या दुकानाचा मालक. भावोजींनी पुन्हा खायला लागावं म्हणून त्याने वर्षभर हरतऱ्हेची लालूच दाखवली होती.

"आधी ओढ तर खरं," ताई गर्दीतून म्हणाली, "रडायला अख्खी संध्याकाळ पडलीय!"

समोर लाकडाच्या वखारीचा संघ होता. त्यांचा शेवटचा गडी ट्रक चालवायचा. त्याचं नाव पडलं होतं रणगाडा. मागच्या वर्षीची हार त्याच्या मनाला लागली होती, म्हणून या वर्षी तो खाऊन खाऊन दुप्पट होऊन आला होता.

शिट्टी झाली. पहिला डाव सुरू झाला म्हणेपर्यंत संपला. डोंगर सरळ फरपटत गेला. त्याच्या टाचांचे दोन चर मैदानावर उमटले. कप्तानाने कपाळावर हात मारला.

दुसऱ्या डावात मात्र दोर जागचा हलेना. इकडे नाही, तिकडे नाही. माणसं लालबुंद झाली, कण्हायला लागली. डोंगराचा श्वास तेवढा संथ चालला होता, चढावर पाव पोचवताना चालायचा तसा. मग दोर बोटबोटभर सरकायला लागला. बाजारपेठेच्या बाजूला!

"भावोजी, हा दम आणलात कुठून?" दुसरा डाव जिंकल्यावर कप्तान नाचतच विचारायला आला.

"वजनाच्या खाली दडला होता," डोंगर हसून म्हणाला.

तिसरा डाव. पुन्हा तसंच, बोटबोटभर. मैदान दणाणून गेलं. आणखी दोन पावलं, की ढाल बाजारपेठेची. तेवढ्यात डोंगराची नजर सगळ्या डोक्यांवरून पलीकडे रणगाड्यावर पडली. त्याचं तोंड मैद्यासारखं पांढरं पडलं होतं. घाम नुसता निथळत होता. दोर त्याने एकाच हाताने धरला होता. दुसरा हात खाली लोंबत होता.

"थांबा! थांबवा!" डोंगर ओरडला. त्या गोंधळात कोणाला ऐकू जाणार?

त्याने कमरेचे वेढे उलगडले आणि दोर सोडून दिला.

बाजारपेठवाले धडाधड पालथे पडले. कप्तानाच्या तोंडात गवत गेलं. वखारवाले एकेक करत मटकन खाली बसले आणि जिंकलो म्हणून बसल्याबसल्याच आरोळ्या ठोकायला लागले. लोकांची हसून हसून मुरकुंडी वळली. डोंगर तेवढा धावत होता.

"छातीत दुखतंय?" त्याने रणगाड्यापाशी गुडघे टेकले.

"दुखत नाही... जड झालीय. हातही भरून आलाय. पण जिंकलो ना आपण?"

"जिंकलास बाबा. आता गप बस, हलू नकोस. गाडी आणा रे कोणीतरी!"

गाडी आली, रणगाड्याला दवाखान्यात घेऊन गेली. ढाल वखारीत गेली. कप्तानाने भावोजींशी अबोला धरला. इतका, की पाव आणायला तो गावाच्या दुसऱ्या टोकाला जायला लागला.

आठवडाभराने तोच कप्तान ढाल काखोटीला मारून बेकरीत हजर झाला. ताई गल्ल्यावर होती, डोंगर पीठ मळत होता.

"रणगाडा घरी आलाय. सुंभ जळला तरी याचा पीळ जात नाही, दारापर्यंत चालत आला मला सोडायला," कप्तान म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ ओढला असता तर..." त्याने ढाल पुढे केली. "ही त्याने पाठवलीय. म्हणाला, ही तुझ्या भावोजींच्या दुकानातच शोभते."

डोंगराने हाताचं पीठ झटकलं.

"पण मला एक सांगा," कप्तान म्हणाला, "त्याला खेटून उभ्या असलेल्यांना काही कळलं नाही. तुम्हाला एवढ्या लांबून कसं कळलं?"

डोंगराने त्याच्याकडून ढाल घेतली. एकट्या डाव्या हाताने अलगद डोक्याच्या वर नेली आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली.

"मागच्या वर्षी मी तसाच ओढत राहिलो होतो," तो म्हणाला. "जिंकल्यावर सगळे ढाल उचल म्हणून ओरडत होते, आणि मला ती या हाताने धरवत नव्हती."