एटापल्लीपर्यंत

इनायतचाचांनी पेन उघडलं, कागदावर टेकवलं आणि पुन्हा टोपण लावून बाजूला ठेवलं. रश्मी सिस्टरने डोळे मिटून घेतले. ही चौथी खेप. एटापल्लीहून पहाटेची बस धरायची, घुग्घुसला यायचं, चाचांच्या सुनेच्या हातचा गोड चहा प्यायचा आणि रिकाम्या हाती परतायचं, हे आता तिच्या पायांनाही पाठ झालं होतं. ते वेळेवर सुजायचे.

गॅरेजमध्ये साठ वर्षांची मर्सिडीज उभी होती. पांढरीशुभ्र. इथे कोळशाच्या धुळीने दोरीवरचं धुणं संध्याकाळपर्यंत काळं पडतं. घुग्घुसमध्ये पांढरं असं एवढंच उरलं होतं. गाडी एटापल्लीच्या दवाखान्याला दान द्यायची, हे चाचांनी आपणहूनच कळवलं होतं. ती विकून सोनोग्राफीचं मशीन यायचं होतं. पुण्याचा एक जुन्या गाड्यांचा शौकीन ती घेणार होता, त्याने पाठवलेला ट्रक फाटकाशी उभा होता. ट्रकवाल्याने गाडीची बॅटरीही सोडवून ठेवली होती. राहिली होती फक्त सही.

"अब्बा, आता काय झालं?" सून तहसीन म्हणाली. "ट्रकवाला म्हनते, आज नाई भेटली तर सौदा गेला."

"मी कुठी नाई म्हनून राह्यलो? दिली म्हनजे दिली. पन दान दिलेली चीज घेनाऱ्याच्या दारात नेऊन द्या लागते. त्याले आपल्या दारात बोलवाचं नसते."

चार वेळा दारात बोलावलेल्या रश्मीने आपल्या पायांकडे पाहिलं.

"चाळीस वर्सं झाले," चाचा म्हणाले, "हे गाडी बल्लारपूरच्या पुढं गेली नाई. पोट खाली हाये तिचं. मी म्हनो, जंगलातला रस्ता चांगला झाला का नेतो."

"अब्बा, तुमाले समोरची भिंत तरी दिसते का?"

काचबिंदूने दोन वर्षांपासून चाचांच्या डोळ्यांपुढे नुसता धूर होता.

रश्मीने घड्याळ पाहिलं. काल दवाखान्यात तिने बुधरी नावाच्या बाईच्या पोटावर हात ठेवला होता. सातवा महिना. आत दोन बाळं असावीत, असं वाटलं होतं. मशीन नव्हतं, म्हणून सध्या दवाखाना अशा वाटण्यावरच चालत होता.

ती उठली. गाडीचं दार उघडून पुढच्या सीटवर बसली.

"चला, चाचा. चारच्या आत पोचू."

चाचा गाडीला चाचपडत पलीकडे गेले आणि स्टेअरिंगमागे बसले. चावी फिरवली. काहीच झालं नाही. तरी त्यांनी गिअर टाकला.

"चंद्रपूर गेलं," थोड्या वेळाने ते म्हणाले.

"कोठारीपर्यंत रस्ता चांगला हाये," रश्मी म्हणाली. "तिथून मात्र हळू. रस्त्यावर माकडं बसून राह्यतात."

"हाकला त्याइले."

"तेच आपल्याले हाकलतात, चाचा. गड्डा!"

"कुठी?"

"डावीकडं!"

चाचांनी असं स्टेअरिंग वळवलं की दारात उभी तहसीन बाजूला झाली.

"एवढे गड्डे कोनं केले?"

"ट्रकवाल्यांनी."

चाचांचे तीस ट्रक कोळसा वाहायचे. "म्हंजे आमीच," ते म्हणाले आणि गाडी हळू केली.

गोंडपिपरी गेलं. सीट अशी मऊ होती की पाय आपले नसल्यासारखे वाटायला लागले. याच रस्त्याने रश्मी जीपमधून कितीदा तरी गेली होती, एका हातात सलाईनची बाटली उंच धरून, दुसऱ्या हाताने कोणाचं तरी कपाळ दाबून. आज दोन्ही हात मांडीवर होते. मागच्या सीटवर कोणी कण्हत नव्हतं. तिने सवयीने दोनदा वळून पाहिलं.

"आष्टीचा पूल," ती म्हणाली.

"वैनगंगेले पानी हाये?"

"हाये, चाचा. लय रुंद..."

"सिस्टर."

ती दचकून जागी झाली. गॅरेजच्या फरशीवरचं ऊन पुढच्या चाकापर्यंत सरकलं होतं. फाटकाशी ट्रकवाला पायरीवर बसून चहा पीत होता. तहसीन रिकामा ट्रे घेऊन परत येत होती. चाचांचे दोन्ही हात अजून स्टेअरिंगवर होते. कपाळावर घाम होता.

"तुमी पुलावरच झोपल्या. आलापल्लीच्या पुढं रस्ता लय खराब होता. म्हून हळूच आनली."

"धक्का नाई लागला, चाचा," रश्मी म्हणाली.

चाचा खाली उतरले. उतरताना त्यांनी, एटापल्लीच्या मातीत पाय ठेवावा तसा, पायजमा चिमटीने जरा वर धरला. मग कागद मागितला. रश्मीने त्यांचं बोट सहीच्या जागेवर नेऊन ठेवलं, आणि त्यांनी बॉनेटवर वाकून, वेळ घेऊन, सगळं नाव लिहिलं. चावी तिच्या हातात दिली.

"मशीन आलं का त्या बाईले पयले नेजा."

"कोनत्या?"

"झोपेत बोलून राह्यल्या होत्या तुमी. दोन हायेत का एक, म्हनून."

ट्रकवाला आत येऊन गाडीभोवती फिरायला लागला. चाचा बाजूला झाले. हात लांब करून भिंत शोधली, तिला पाठ टेकली, आणि अनोळखी गावी उभ्या माणसासारखं हळू आवाजात विचारलं,

"सिस्टर, इथून घुग्घुसची बस किती वाजता हाये?"