स्वच्छ हवेचा सत्कार

खांद्यावर शाल पडली तरी शास्त्रज्ञ उपासनीबाईंना नगराध्यक्षांचं भाषण काही पचेना. "आम्ही लावलेल्या झाडांनी शहरातला फॉर्मल्डिहाइड हा विषारी वायू घटवला, हे खुद्द उपग्रह सांगतोय!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाईंना राहवेना. नारळ घेता घेता त्या हळूच म्हणाल्या, "साहेब, हवा होती तशीच आहे. हा वायू किती प्रकाश शोषतो, ते आम्ही लॅबमध्ये काचेच्या नळीत मोजतो. त्याच आकड्यावर उपग्रहाचा हिशेब चालतो. मागे थोडा वायू काचेलाच चिकटला, आमचा आकडा कमी आला. मग एवढा प्रकाश शोषला जातोय म्हणजे वायू जास्त असणार, असं धरून उपग्रह उगाच जास्त वायू दाखवायचा. यंदा आम्ही नीट मोजलं, एवढंच."

नगराध्यक्षांचा चेहरा पडला. मग एकदम उजळला.

"मॅडम," ते कानाशी कुजबुजले, "आमच्या रस्त्यांवरचे खड्डेही तुमच्या लॅबमध्ये एकदा नव्यानं मोजा ना!"