दाओसची सुटका

"मला चाकावर चढवतील ना, मालक?" दाओसने विचारले. त्याने जैतुनांची वाटी मालकापुढे ठेवली.

युथिक्लेसने वाटी बाजूला सारली. निसर्गाने कोणालाच गुलाम म्हणून जन्माला घातलेले नाही, असे तो याच ओसरीत शिष्यांना शिकवत असे. शिष्य माना डोलवत आणि मग आपापल्या गुलामाच्या हाती दिवा देऊन घरी जात. आता युथिक्लेसवरच खटला उभा राहिला होता. लोकांचे राज्य उलथवण्याचा कट त्याच्या घरी शिजला, असा आरोप होता.

खटला भरणारा फैनिप्पोस बाजारात ओरडत फिरत होता, "त्या बैठकीच्या वेळी घरात असलेला एक तरी गुलाम माझ्या हवाली कर!" अथेन्सच्या न्यायालयात गुलामाचा नुसता शब्द चालत नसे. चाकावर ताणून, चाबकाखाली काढलेलाच खरा. आणि मालकाने गुलाम द्यायला टाळाटाळ केली, की गुन्हा कबूल केल्यातच जमा.

बैठकीत मद्य दाओसनेच वाढले होते. कट खरा होता आणि त्याने तो शब्दन् शब्द ऐकला होता.

"तुझ्या मुलीला यातलं काही ठाऊक आहे?"

"मिकाला? छे, मालक! ती चुलीपाशी होती. नंतरही मी ब्र काढला नाही. पोरीला माहीतच नसलं, तर तिच्याकडून कोण काय काढून घेणार?"

"शहाणा आहेस."

दुसऱ्या दिवशी युथिक्लेसने भर चौकात, वेदीसमोर, दाओसला मुक्त केले. स्वतंत्र माणसाला चाकावर चढवता येत नाही. लोकांनी तोंडात बोटे घातली. बोलतो तसाच वागतो हा, म्हणून शिष्य रडले. दाओस पाया पडायला वाकला, तर युथिक्लेसने त्याला दंड धरून उठवले.

"अरे, माणसानं माणसाच्या पाया पडायचं नसतं."

"आणि मिका, मालक?"

"खटला संपू दे. दोघांना एकदम सोडलं, तर लोक म्हणतील साक्षीदार पळवतोय. उद्या खटल्याला तिलाही घेऊन ये. बापाचा मान पाहू दे."

दाओसचा जीव भांड्यात पडला. त्याने मिकासाठी मधातली तिळाची वडी घेतली. इतका सुखी तो जन्मात झाला नव्हता.

"आपण कुठं राहायचं, बाबा?" तिने बोटे चाटत विचारले.

"बंदराकडं. खिडकीजवळची जागा तुझी."

खटल्याच्या दिवशी बापलेक कठड्याबाहेरच्या गर्दीत उभी होती. फैनिप्पोसच्या तोंडाला फेस आला होता. "पाहिलात कावा? साक्षीदारच सोडून दिला! आता चाकावर कोण चढणार?"

"खरंय! गुलाम दे!" बाकांवरून न्यायसभेचे लोक ओरडले.

मालक आता काय उत्तर देतो, म्हणून दाओस कौतुकाने पाहत राहिला. युथिक्लेस सावकाश उठला.

"नागरिकहो, मी काही लपवत नाही. दाओस स्वतंत्र आहे, त्याला हात लावता येणार नाही. पण ती त्याच्या शेजारी उभी आहे ना, ती पोरही तेव्हा घरातच होती, आणि ती अजून माझी आहे. घेऊन जा तिला. तुमचं समाधान होईपर्यंत विचारा."