फळीपुढची जागा

सर्कशीच्या संग्रहालयात, नोंदणीच्या खोलीत, फळी भिंतीला टेकवून ठेवली होती. माणसाहून हातभर उंच, चाकूंच्या खाचांनी भरलेली. मधोमध मात्र बाईच्या आकाराची कोरी जागा.

"वस्तू उत्तम आहे," अधिकारी म्हणाला आणि त्याने नोंदवही उघडली. "कलावंत?"

"मी," म्हातारा म्हणाला. "एकतीस वर्षं चाकू फेकले. बारा पावलांवरून."

अधिकाऱ्याने नाव लिहून घेतलं.

"आणि माझं?" म्हातारीने विचारलं.

"आजी, तुम्ही काय करायचात?"

"फळीपुढे उभी राहायचे."

"नुसत्या?"

"अगदी नुसती. तेवढ्यासाठी कुणी मिळेना, म्हणून तर यांनी लग्न केलं."

म्हातारा खाकरला. "कसब फेकणाऱ्याचं असतं, साहेब. उभं काय, कुणीही राहतं."

अधिकाऱ्याला ते पटलं. त्याने म्हातारीला 'इतर साहित्य' या रकान्यात घातलं. चाकू नऊ, कातडी पट्टा एक, पत्नी एक.

"आता फोटो," तो म्हणाला. "वस्तू वापरात असलेली दिसायला हवी. तसा नियमच आहे."

"मग आज यांना उभं करा," म्हातारी म्हणाली. "कुणीही राहतं ना?"

म्हातारा हसत हसत गेला आणि कोऱ्या जागेत पाठ टेकून उभा राहिला. म्हातारीने चष्मा काढून टेबलावर ठेवला. बारा पावलं मोजली. एक चाकू पात्याकडून धरला आणि हात खांद्याच्या वर नेला.

म्हाताऱ्याचं हसू थांबलं.

"फेकणार नाहीस ना गं?"

"बघू. आधी तुम्ही नीट उभे राहा."

अधिकारी कॅमेरा घेऊन दाराच्या बाजूला सरकला. "आजोबा, हलू नका. फोटो बिघडतोय."

"मी कुठे हलतोय?" म्हातारा म्हणाला. मागची फळी खडखडत होती.

म्हातारीने एक पाय पुढे टाकला. म्हाताऱ्याने डोळे गच्च मिटले.

"साहेब, लिहा हो तिचं नाव! कलावंतात लिहा. माझ्या वर लिहा!"

अधिकाऱ्याने नोंदवही ओढली, खोडलं, लिहिलं आणि वही उलटी करून दाखवली. चाकू काही खाली आला नाही.

"अहो, डोळे उघडा," म्हातारी म्हणाली. "लोक तिकीट काढून आलेले असतात."