गोजरबाईंच्या पिशवीतली फिल्म

पन्नास पुरुषांच्या छातीचे फोटो तयार होते. बायकांचा एकही नव्हता.

डॉ. गोरक्ष पुण्याला क्ष-किरणांचं शिक्षण घेत होता. प्रबंधासाठी देवळाली प्रवऱ्याच्या दवाखान्यात येऊन, खानावळीचं जेवत त्याला महिना झाला होता. निरोगी माणसांच्या छातीची मापं घ्यायची. पन्नास पुरुष, पन्नास बायका. पंधरा दिवसांनी सर स्वतः फिल्म मोजायला येणार होते. एक जरी कमी भरली तरी परीक्षा सहा महिने पुढं. बिचाऱ्याची झोप उडाली होती.

"बाया भित्यात," दवाखान्यातल्या गोजरबाई म्हणाल्या. "त्या मशिनीनं रगत आटतं म्हनं. तुमी आदी सोताचा फोटू काडा. मी दावते समद्यांला."

गोरक्षला पटलं. त्यानं स्वतःची फिल्म काढून घेतली. गोजरबाईंनी ती पाकिटात घालून पिशवीत ठेवली.

"क्षयाची खूण न्हाई ना हिच्यात?"

"अगदी स्वच्छ आहे. बिनधास्त सांगा."

आठवडाभरात चमत्कार झाला. दवाखान्यापुढं बायकांची रांग लागली. थोरल्या बाया लेकींना घेऊन येत, लुगडी अशी की जणू जत्रेलाच निघाल्यात. क्ष-किरणांना लुगड्याचं काय कळणार! गोरक्ष प्रत्येकीचं वय, उंची, शिक्षण लिहून घेई. बायकाही त्याला गाव विचारत, घरी कोण कोण ते विचारत. गावाकडची माणसं मोकळी, म्हणून तोही हौसेनं सांगे.

एकोणपन्नासावी होती चांगुणा, श्रीरामपूरच्या शाळेतली शिक्षिका. फोटो झाल्यावर तिनंच विचारलं, "डॉक्टर, तुमची डावीकडची बरगडी कधी मोडली होती?"

गोरक्ष थक्क झाला. ती जुनी, सांधलेली बरगडी फिल्मवर त्याच्या वर्गातल्या निम्म्यांनासुद्धा दिसली नसती.

"सातवीत. चिंचेवरून पडलो."

"दुसरं काही नाही ना?"

"काही नाही."

ती हसली आणि गेली. गोरक्षला ती फार आवडली. त्या नादात पुढच्या बाईचा फोटो तो फिल्म न घालताच काढायला निघाला होता.

ठरल्या दिवशी सर आले. त्यांनी शंभर फिल्म एकेक करून उजेडावर धरल्या, दोनदा मोजल्या.

"उत्तम. इतकी वर्षं मुलं पाठवतोय, बायका कुणालाच मिळाल्या नाहीत. तू कसं जमवलंस?"

"विश्वास, सर," गोरक्ष छाती फुगवून म्हणाला. "आधी आपली फिल्म दाखवली. भीती गेली."

तेवढ्यात दारात चार फेटेवाले येऊन उभे राहिले. मागं गोजरबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. पुढच्या गृहस्थाच्या एका हातात नारळ होता, दुसऱ्या हातात ते पाकीट. त्यांनी सरांना वाकून नमस्कार केला.

"मी रंगनाथ, चांगुणाचा बाप. डॉक्टरांचे वडीलधारे तुमीच दिसताय, म्हनून तुमालाच सांगतो. ही फिल्म चौदा घरांनी उन्हाला धरून पाह्यली. आमाला तेवडी त्या बरगडीची शंका हुती, ती पोरीनं सोता येऊन फेडून घेतली. आता आमाला मुलगा पसंत हाय."