काठाकाठाने

चुंबकाच्या खोलीत धातू चालत नाही, म्हणून शर्वाणीने खांबेटे सरांच्या घड्याळाबरोबर त्यांचं कानातलं यंत्रही बाहेर ठेवायला लावलं. आता त्यांना काही ऐकू येणार नव्हतं.

अणूइतक्या पातळ पापुद्र्यातले कोट्यवधी इलेक्ट्रॉन चुंबकापुढे एकच लाट होऊन काठाकाठाने एकाच दिशेला धावतात, हे गणित सरांनी आयुष्यभर शिकवलं. लाट मात्र कधी पाहिली नव्हती, आणि उद्या ते निवृत्त होणार होते. पापुद्रा शर्वाणीनेच चिकटपट्टीने ग्राफाइटवरून सोलला होता.

पापुद्र्याच्या काठाला डावी-उजवीकडे जोडलेल्या दोन तारांच्या मधोमध तिने विजेचा ठोका सोडला. पडद्यावर डाव्या तारेचा ठोका आधी उमटला, उजव्या तारेचा नंतर.

"सर, आली!" ती ओरडली आणि पडद्याकडे बोट दाखवलं.

"छे, तारांचा दोष असेल. चुंबकाची दिशा उलटी कर बघू, दोष असेल तर क्रम तोच राहील."

तिने केली. आता उजवा ठोका आधी आला.

तिने सरांचा तळहात ओढून घेतला, कडेकडेने बोट फिरवलं, थांबली, मग उलट फिरवलं.

सर त्या तळहाताकडे बघतच राहिले. उत्तर तोंडपाठ असलेला तो माणूस शेवटी एवढंच म्हणाला, "अगं, एवढ्या सगळ्यांना एकदम वळायला सांगितलं कुणी?"